दोन मोहिमांची हवा एका तक्त्यात आणताना

१९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात इंडोएक्स मोहिमेनं मालदीवला तळ ठेवून हिंदी महासागरावरची हवा मोजली. २००६ च्या मार्च ते मे महिन्यांत इस्रोच्या पुढाकारानं आयकार्ब ही तशीच मोहीम झाली. तेव्हा ‘सागर कन्या’ हे जहाज आधी बंगालच्या उपसागरात आणि मग अरबी समुद्रात फिरलं, सोबत विमान आणि किनाऱ्यावरची केंद्रंही मोजत होती. २००८-०९ च्या हिवाळ्यात आयकार्बचा आणखी एक टप्पा पार पडला. २००९ पासून पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची, ढग आणि हवेतले कण विमानातून मोजणारी कायपीक्स मोहीम सुरू झाली आणि २०१८-१९ मध्ये ती सोलापूरला पोचली.

एम. एस्सी. किंवा पीएच. डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना हमखास पडणारा प्रश्न असा असतो: या सगळ्यांतला ब्लॅक कार्बन (म्हणजे काजळी), ओझोन किंवा कणांची संख्या एकत्र करून वीस वर्षांचं चित्र का काढू नये? जरूर काढावं. एवढ्या कष्टानं आणि खर्चानं केलेली मोजमापं एकेका शोधनिबंधापुरती वापरून बाजूला पडतात, याचं वाईट वाटतं. पण फाइली एकाखाली एक चिकटवणं म्हणजे जोडणी नव्हे. पायथनमध्ये ते काम चार ओळींत होतं, आणि निघणारा आलेख दिसायला झकास आणि अर्थानं चुकीचा असतो. प्रत्येक आकडा कोणत्या परिस्थितीत जन्मला हे शोधून काढण्यातच या कामाचा जवळजवळ सगळा वेळ जातो. तो कुठे आणि कसा जातो, ते क्रमानं सांगतो. उदाहरण म्हणून मुख्यतः ब्लॅक कार्बन घेतो, कारण तिथं सगळे खड्डे एकाच रस्त्यावर भेटतात.

१. आधी प्रश्न, मग फाइली

‘सगळा डेटा एकत्र करायचा आहे’ हा प्रश्न नाही. ‘हिवाळ्यात अरबी समुद्रावर एक किलोमीटरच्या खाली काजळी किती होती’ हा प्रश्न आहे. प्रश्न असा नेमका असला की कोणत्या फाइली लागतील, किती बारीक वेळेचे आकडे लागतील आणि किती अचूकता पुरेल, हे आपोआप ठरतं. हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढे तीन महिन्यांनी त्याचा उपयोग कळतो.

२. प्रत्येक रकान्याची कुंडली मांडा

पहिले काही दिवस कोड लिहू नका. एक साधा तक्ता करा. प्रत्येक मोहिमेतल्या प्रत्येक रकान्यासाठी या गोष्टी नोंदवा: उपकरण कोणतं, त्याचं मॉडेल कोणतं, हवा आत घेणारी नळी किती जाडीच्या कणांपर्यंत आत सोडत होती, हवा सुकवली होती का, एकक काय, ते एकक कोणत्या दाबा-तापमानाला धरून आहे, वेळ कुठली, कॅलिब्रेशन (उपकरण ठाऊक असलेल्या प्रमाणाशी ताडणं) कशावर, फाइलीची आवृत्ती कितवी.

विमानी मोहिमांच्या फाइली आता बहुधा आयकार्ट या मजकुरी स्वरूपात मिळतात. २००४ च्या त्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत ते रूढ झालं. या फाइलीची पहिलीच ओळ सांगते की हेडर, म्हणजे आकड्यांआधीचा माहितीचा भाग, किती ओळींचं आहे. नवीन माणूस तेवढ्या ओळी वगळून थेट आकड्यांवर जातो. तसं करू नका. कुंडलीतली निम्मी माहिती त्या हेडरमध्ये असते: एककं, अनिश्चितता, मोजमर्यादेखालच्या आकड्यांसाठी वापरलेली खूण, आणि उपकरण सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाचा पत्ता. फाइलीच्या नावाच्या शेवटी आर आणि त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक असतो. मोठा क्रमांक असेल तीच फाइल घ्या, आणि तो क्रमांक आपल्या तक्त्यात लिहा.

साध्या एक्सेल फाइलीत यातलं काहीच नसतं. मग मोहिमेचे शोधनिबंध, प्रबंधांतली उपकरणांची प्रकरणं आणि शेवटी थेट ईमेल. संकोच करू नका. वीस वर्षांपूर्वी जहाजावर रात्र रात्र जागून मोजमाप केलेल्या माणसाला त्याच्या आकड्यांबद्दल कुणी नेमकं विचारलं तर आनंदच होतो.

३. घड्याळं जुळवा

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चुका इथेच होतात. जागतिक वेळेप्रमाणे तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. त्यामुळे ‘दैनिक सरासरी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि सकाळी वाढणारा धूर कधी एका दिवसात पडतो, कधी दुसऱ्या. सगळं जागतिक वेळेत आणा. स्थानिक वेळ हवीच असेल तर वेगळा रकाना ठेवा.

आयकार्ट फाइलीत वेळ मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत असते. उड्डाण मध्यरात्र ओलांडत असेल तर सेकंद ८६,४०० च्या पुढे मोजत जातात, पुन्हा शून्यावर येत नाहीत. शिवाय नोंदलेली वेळ मोजमापाच्या सुरुवातीची, मधली की शेवटची, हेही पाहा. एका मिनिटाच्या सरासरीत सुरुवात आणि शेवट यांत सेकंदाला १०० मीटर वेगाच्या विमानानं सहा किलोमीटर अंतर कापलेलं असतं. हवा नळीतून उपकरणापर्यंत पोचायलाही काही सेकंद लागतात. ढगाच्या कडेला हा उशीर लगेच दिसतो: पाण्याचे थेंब मोजणारं उपकरण ढगात शिरलेलं असतं आणि वायू मोजणारं अजून बाहेरच. दोन जलद उपकरणांचे आकडे थोडे थोडे सरकवून ते कुठे सर्वांत चांगले जुळतात ते बघा आणि तो उशीर नोंदवून ठेवा.

उंचीचंही तसंच. दाबावरून काढलेली उंची आणि जीपीएसची उंची या वेगळ्या वस्तू आहेत. प्रमाण वातावरणात ५०० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ५,५७० मीटर. पावसाळ्यातल्या उष्ण हवेत तोच दाब साधारण ५,८५० मीटरवर सापडतो. एका मोहिमेची एक उंची आणि दुसरीची दुसरी घेतली तर थर पावणेतीनशे मीटरनी हलतो. शक्य तिथं दाबच वापरा, तो प्रत्यक्ष मोजलेला असतो.

४. हा घनमीटर कुठला?

‘मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’ हे एकक अर्धवट आहे. घनमीटर प्रत्यक्ष तिथल्या विरळ हवेचा, की प्रमाण दाबा-तापमानाला आणलेल्या हवेचा? जमिनीवर फरक थोडा असतो. पाच किलोमीटरवर, दाब सुमारे ५५० हेक्टोपास्कल आणि तापमान शून्य अंशाजवळ असताना, प्रत्यक्ष हवेतला १ मायक्रोग्रॅम प्रमाण घनमीटरात १.८४ होतो. जवळजवळ दुप्पट. एका मोहिमेचे आकडे एका पद्धतीचे आणि दुसरीचे दुसऱ्या पद्धतीचे असतील, तर दहा वर्षांत वरच्या थरातली काजळी दुप्पट झाल्याचा शोध लागेल, आणि तो खोटा असेल.

हिशेब सोपा आहे. प्रत्यक्ष आकड्याला आधी १०१३.२५ भागिले तिथला दाब यानं गुणा, मग तिथलं केल्विन तापमान भागिले २७३.१५ यानं गुणा. पण ‘प्रमाण तापमान’ सगळ्यांचं एक नसतं. कुणी शून्य अंश धरतं, कुणी २०, कुणी २५. शून्य आणि २५ यांत नऊ टक्के फरक पडतो. मास फ्लो मीटर (हवेचा प्रवाह वस्तुमानानं मोजणारा) असलेलं एथेलोमीटर हे काजळी मोजणारं उपकरण तर हवेचं घनफळ स्वतःच प्रमाण परिस्थितीत मोजतं, म्हणजे त्याचा आकडा आधीच रूपांतरित असतो. कोणत्या तापमानाला, हे मॉडेल आणि सेटिंग यांवर ठरतं. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत हा आकडा उलट हिशेबानं पुन्हा प्रत्यक्ष हवेत आणलेला असतो. म्हणून एकाच उपकरणाचे दोन निबंधांतले आकडेही थेट जोडता येत नाहीत. दोनदा रूपांतर होण्याची भीती इथं सर्वांत जास्त.

वायूंच्या बाबतीत शक्य असेल तेव्हा मिश्रण प्रमाण, म्हणजे पीपीबी किंवा पीपीएम (हवेच्या अब्ज किंवा दशलक्ष रेणूंमागे त्या वायूचे किती), वापरा. हवा वर गेली, प्रसरण पावली, तरी ते बदलत नाही. ओझोनचा १ पीपीबी शून्य अंशाला २.१४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असतो, २० अंशांना २.०० आणि २५ अंशांना १.९६. जुन्या अहवालातले मायक्रोग्रॅम पीपीबीत आणताना तिथं यांतलं काय धरलं होतं, हे कळल्याशिवाय भागाकार करू नका.

कणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: ओलावा. समुद्रावरच्या दमट हवेत मीठ आणि सल्फेट पाणी शोषून फुगतात, आणि फुगलेला कण प्रकाश कितीतरी जास्त विखुरतो. जागतिक हवामान संघटनेच्या मोजमाप जाळ्यात हवा ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेपर्यंत सुकवून मोजण्याची शिफारस आहे. एकानं सुकवून मोजलं आणि दुसऱ्यानं तसंच मोजलं, तर ती दोन वेगळी प्रमाणं आहेत. आर्द्रतेची नोंद असेल तर सुधारणा करता येते. नसेल तर ते रकाने वेगळेच राहू द्या.

५. काजळी एक, वस्तू तीन

इथं जरा थांबून वाचा, कारण सर्वांत मोठी गफलत इथे होते.

इंडोएक्सच्या सी-१३० विमानात फिल्टरवर कण गोळा करून नंतर प्रयोगशाळेत ते तापवले गेले. किती तापमानाला किती कार्बन जळून बाहेर पडतो यावरून जो आकडा येतो, तो मूलद्रव्यी कार्बन. एथेलोमीटर काहीच जाळत नाही. फिल्टरच्या पट्टीवर कण साचताना पलीकडे प्रकाश किती कमी पोचतो ते पाहतं आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतं. तो समतुल्य ब्लॅक कार्बन. तिसरं उपकरण एसपी-२: प्रत्येक कण १,०६४ नॅनोमीटरच्या लेझरमधून जातो, तापून चमकतो, आणि त्या चमकेवरून वजन कळतं. तो उष्णतारोधक ब्लॅक कार्बन. अगदी बारीक, साधारण ८०-९० नॅनोमीटरहून लहान कण त्याला नीट दिसत नाहीत. २०१३ साली पेटझोल्ड आणि सहकाऱ्यांनी ही नावं वेगवेगळी ठेवायची शिफारस केली. त्याआधीच्या बहुतेक फाइलींत तिन्हींच्या डोक्यावर एकच शब्द आहे, ‘बीसी’.

मग जोडायचं कसं? पहिलं म्हणजे रकान्यांची नावं बदलून तीन वेगळे रकाने करा. एका पद्धतीचा आकडा दुसरीत आणायचा असेल तर ज्या ठिकाणी दोन्ही उपकरणं शेजारी चालली त्या ठिकाणचं गुणोत्तर लागतं, आणि ते हवेगणिक बदलतं. गाड्यांच्या ताज्या काजळीचं वेगळं, समुद्रावर चार दिवस प्रवास करून सल्फेटचा लेप चढलेल्या काजळीचं वेगळं. दिल्लीचं गुणोत्तर लक्षद्वीपला लावू नका.

एथेलोमीटर-एथेलोमीटर जोडणं तरी सोपं असावं, असं वाटतं. नाही. जुन्या एई-३१ मॉडेलमध्ये ८८० नॅनोमीटरला प्रकाशातल्या घटीवरून वजन काढायचा गुणक १६.६ चौरस मीटर प्रति ग्रॅम असतो, नव्या एई-३३ मध्ये ७.७७. पाहताच वाटतं की दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक येणार. पण जुन्या गुणकात फिल्टरच्या धाग्यांमधून प्रकाश इकडेतिकडे उसळतो त्याची २.१४ पटीची भरपाई आधीच धरलेली आहे: १६.६ भागिले २.१४ केलं की ७.७७ च्या जवळ येतो. नवं मॉडेल ती भरपाई वेगळी दाखवतं, आणि ती फिल्टरच्या जातीवर अवलंबून असते. एका फिल्टरला १.५७, नंतर आलेल्या दुसऱ्याला १.३९. मोहिमेच्या मधेच फिल्टरचा रोल बदलून सेटिंग बदलायचं राहिलं, तर आकडे बारा-तेरा टक्क्यांनी उडी मारतात. त्यात जुन्या मॉडेलला पट्टी भरत गेली की कमी दाखवण्याची खोड आहे, नवं मॉडेल ती स्वतः दुरुस्त करतं. म्हणून जुन्या नोंदी घेताना ही दुरुस्ती आधी झाली आहे का, हे विचारलंच पाहिजे. पीएसएपी नावाच्या त्याच कुळातल्या उपकरणासाठी बाँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दुरुस्ती सुचवली. त्या सुमाराच्या फाइलींत ती आहे की नाही, हे फाइलीगणिक तपासावं लागतं.

विमानात आणखी एक अडचण: चढताना-उतरताना दाब झपाट्यानं बदलतो आणि फिल्टरवाली उपकरणं भलतेच आकडे देतात. माझा नियम साधा आहे: अशा उपकरणांचे आकडे फक्त एका उंचीवर सरळ उडालेल्या टप्प्यांतले घ्यावेत.

६. मोजपट्टीही बदलते

कार्बन डायऑक्साइडसारखे वायू प्रमाणित सिलिंडरांशी ताडून मोजतात. गोव्याला काबो द रामाच्या किनाऱ्यावर १९९३ पासून बाटल्यांत भरलेली हवा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओकडे तपासायला जात होती. सिंहगडावर आयआयटीएमनं २००९ पासून नमुने घ्यायला सुरुवात केली. हे दोन संच शेजारी ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि ठेवावेतही. त्याआधी दोन्ही कोणत्या मोजपट्टीवर आहेत ते पाहा. जागतिक हवामान संघटनेची एक्स-२००७ ही पट्टी जाऊन एक्स-२०१९ आली, आणि ४०० पीपीएमच्या आसपास नवे आकडे सुमारे ०.१८ पीपीएमनं जास्त येतात. ऋतूंचा चढउतार पाहायचा तर हा फरक नगण्य. दोन ठिकाणांच्या हवेतली बारीक तफावत काढायची तर तो नगण्य राहत नाही.

ओझोन तर प्रकाशाच्या शोषणावरून थेट मोजतात, म्हणजे मोजपट्टी निसर्गाचीच. तरी त्या शोषणाचा मान्य आकडा १९६१ पासूनचा होता, तो आता बदलून थोडा कमी ठरला आहे. २०२५ पासून उपकरणं नव्या आकड्यावर नेण्याचं ठरलं, त्यामुळे तीच हवा सुमारे १.३ टक्के जास्त ओझोन दाखवते. यापुढच्या मोहिमा जुन्या मोहिमांना जोडणाऱ्यांनी हे आजच आपल्या तक्त्यात लिहून ठेवावं.

७. रिकाम्या जागा, शून्यं आणि ऋण आकडे

आयकार्टमध्ये उणे ९९९९ म्हणजे मोजमाप नाही. उणे ८८८८ म्हणजे मोजमर्यादेच्या खाली, उणे ७७७७ म्हणजे मर्यादेच्या वर. पहिलं काढून टाका, पण दुसरं काढू नका: ‘इतकं कमी की दिसलं नाही’ ही माहिती आहे. ती फेकली की फक्त मळकी हवा उरते आणि सरासरी फुगते. ऋण आकड्यांचंही तसंच. स्वच्छ हवेत उपकरणाचा गोंगाट शून्याच्या दोन्ही बाजूंना हलतो. उणे आलेले आकडे ‘अशक्य’ म्हणून पुसले तर अधिकच्या बाजूचा गोंगाट तेवढा शिल्लक राहतो. सरासरी होईपर्यंत ते तसेच राहू द्या.

८. जिथं दोघं भेटले तिथं तपासा

विमान जहाजावरून किंवा किनारी केंद्रावरून गेलं असेल, दोन विमानं शेजारी उडाली असतील, तर ती मिनिटं सोन्यासारखी आहेत. आधी ती शोधा. दोन्ही उपकरणांच्या आकड्यांत चूक असते, म्हणून सरळ रेषा बसवताना दोन्ही अक्षांवरची अनिश्चितता धरणारी पद्धत वापरा. रेषेचा उतार १.२ आला, तर लगेच एकाचे आकडे १.२ नं भागू नका. आधी कारण शोधा: घनमीटर, ओलावा, नळीची कणमर्यादा, गुणक. बहुतेक वेळा कारण कुंडलीच्या तक्त्यातच सापडतं. नाहीच सापडलं तर फरक तसाच ठेवून अनिश्चिततेत धरा.

९. सरासरी काढण्याआधी

चार तासांच्या उड्डाणात सेकंदाच्या १४,४०० नोंदी होतात. ती १४,४०० स्वतंत्र मोजमापं नाहीत. ती एका दिवसाची, एका वाऱ्याची एक गोष्ट आहे. म्हणून आधी प्रत्येक उड्डाणाचा प्रत्येक थरातला मध्यक काढा, मग उड्डाणांमधला. प्रत्येक थराच्या आकड्यासोबत ‘किती उड्डाणं’ हा रकाना हवाच.

विमान उगाच फिरत नसतं, हेही ध्यानात ठेवा. कायपीक्सचं विमान ढग शोधत जायचं. धुराचा पाठलाग करणाऱ्या मोहिमा धूरच मोजतात. आणि ऋतू! इंडोएक्स जानेवारी ते मार्चमधली, तेव्हा ईशान्येचे वारे भारतीय भूमीवरचा धूर समुद्रावर नेतात. २००६ ची आयकार्ब अरबी समुद्रात पोचली ती एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेमध्ये, वारे पश्चिमेकडून फिरू लागतात तेव्हा. दोन्ही आकडे अचूक असले तरी त्यांच्यातल्या फरकाला ‘सात वर्षांतला बदल’ म्हणता येत नाही. हा फरक कोणत्याही रूपांतरानं जात नाही, आणि जाऊही नये. कारण तो हवेतच होता.

अनिश्चिततेचे दोन रकाने ठेवा. गोंगाटाची सरासरीत घटते: एका नोंदीतली २० टक्के, १०० स्वतंत्र नोंदींच्या सरासरीत २ टक्के. कॅलिब्रेशनची ५ टक्के मात्र लाख नोंदी घेतल्या तरी ५ टक्केच राहते. दोन्ही मिळून सुमारे ५.४.

१०. फाइल

नेटसीडीएफ या फाइल-स्वरूपात लिहा, म्हणजे एककं आणि टिपा आकड्यांसोबत राहतात. मूळ आकडा, रूपांतरित आकडा आणि फ्लॅग (आकडा कितपत भरवशाचा हे सांगणारी खूण) असे तीन रकाने प्रत्येक राशीसाठी ठेवा. मूळ फाइलीला हात लावू नका. सगळे बदल कोडमध्ये असावेत, आणि कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते.

निबंध लिहायला घेण्याआधी तयार फाइल प्रत्येक मोहिमेच्या उपकरण-शास्त्रज्ञांना पाठवा. सोबत एका पानावर लिहा: तुमचे आकडे या घनमीटरात होते असं मी धरलं, हा गुणक लावला, एवढ्या नोंदी या कारणानं वगळल्या, हे बरोबर आहे का? उत्तराला तीन-चार आठवडे द्या. उत्तरात ‘त्या आठवड्यात नळी बदलली होती’ असं एखादं वाक्य येतं, जे कुठल्याच हेडरमध्ये नसतं. ते वाक्य, तारखेसह, फाइलीच्या टिपांमध्ये उतरवून घ्या आणि आवृत्तीचा क्रमांक एकनं वाढवा.